रूझवेल्ट स्मारकातील उठावशिल्पे: डोळ्यांनी आणि हातांनी कशी पाहावीत

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले मराठी आई-वडील वॉशिंग्टनला जातात, तेव्हा लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग, रूझवेल्ट आणि जेफरसन ही चार स्मारके बहुधा एकाच दुपारी पाहून होतात. त्यांपैकी तीन ठिकाणी एक भव्य पुतळा समोर असतो आणि त्याच्यापुढे छायाचित्र काढले की स्मारक पाहिल्याचे समाधान मिळते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांचे स्मारक तसे नाही. टायडल बेसिन या जलाशयाच्या पश्चिम काठावर साडेसात एकरांत, लालसर ग्रॅनाइटच्या भिंतींमधून आणि छप्पर नसलेल्या चार दालनांमधून ते पसरलेले आहे. त्यातील पुष्कळसा आशय भिंतींवरच्या उठावशिल्पांत, म्हणजे सपाट फलकातून थोड्या उचललेल्या आकृतींत, असल्यामुळे चालता चालता त्यावर नजर टाकून भागत नाही. तेथे थांबून एकेक फलक वाचावा लागतो. घाईत असलेल्या माणसाला ते काही सांगत नाही, आणि म्हणूनच त्या फेरीत सर्वांत मोठा अन्याय याच स्मारकावर होतो.

हे मार्गदर्शन त्या स्मारकाला निदान दोन तास देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्यासोबत चाकाच्या खुर्चीवर बसणारी, दृष्टी नसलेली किंवा गुडघ्यांमुळे फार चालू न शकणारी व्यक्ती आहे, त्यांचा विचार मी विशेष केला आहे. ज्या माणसाचे हे स्मारक आहे तो स्वतः आधाराशिवाय एक पाऊलही टाकू शकत नव्हता, त्यामुळे अशा सोबतीने ते पाहणे हाच मला ते पाहण्याचा खरा मार्ग वाटतो.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर सुटीसाठी गेलेले रूझवेल्ट आजारी पडले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. डॉक्टरांनी निदान पोलिओचे केले. त्यानंतर ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले, मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, आणि चार वेळा निवडून येऊन १२ एप्रिल १९४५ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. या संपूर्ण काळात ते खासगीत चाकाची खुर्ची वापरत. लोकांसमोर मात्र पायांना आधार देणारे पोलादी कॅलिपर गुडघ्यांत घट्ट अडकवून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा किंवा मदतनिसाचा दंड धरून ते काही पावले टाकत. त्यांना पोलिओ झाला होता हे अमेरिकेला ठाऊक होते, पण ते किती परावलंबी आहेत हे फार थोड्यांना ठाऊक होते. बहुतेक वृत्तछायाचित्रकार त्यांना उचलले जात असताना किंवा चाकाच्या खुर्चीत बसलेले असताना टिपत नसत. चाकाच्या खुर्चीतील त्यांची मोजकीच छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. १ मार्च १९४५ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर, म्हणजे तेथल्या संसदेसमोर, ते बसून बोलले, आणि पायांभोवती सुमारे दहा पौंड पोलाद वागवावे लागत नाही म्हणून बसून बोलणे सोपे जाते, असे त्यांनी स्वतःच सांगितले. जाहीरपणे इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांनी आपल्या शरीराविषयी क्वचितच काही म्हटले होते, आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आत ते गेले.

भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे कॅलिपर लावून शाळेत येणारा वर्गमित्र किंवा आतेभाऊ पाहिलेली आपली पिढी अजून हयात आहे. अशा वाचकाला या स्मारकासाठी वेगळ्या तयारीची फारशी गरज नाही. पोलादाचे ओझे, ते लावायला लागणारा वेळ आणि बसताना गुडघ्याचा खटका सोडवण्याची धडपड त्याने जवळून पाहिलेली असते.

दुसरी तयारी म्हणजे दहा सेंटचे एक नाणे, ज्याला अमेरिकेत डाइम म्हणतात. १८ मिलिमीटरांहून किंचित लहान असलेल्या या नाण्यावर रूझवेल्टांचा डावीकडे पाहणारा चेहरा आहे. घरी दिव्याखाली ते तिरके धरावे, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत नखाचे टोक फिरवावे, आणि मग डोळे मिटून हनुवटी कोठे संपते ते शोधावे. मानेच्या तुटक कडेखाली ‘जे. एस.’ ही शिल्पकार जॉन सिनॉक यांची आद्याक्षरे अगदी बारीक अक्षरांत कोरलेली आहेत. ती बोटाला जाणवत नाहीत, पण प्रकाश बाजूने पडला की डोळ्यांना दिसतात. उठावशिल्प पाहण्याचे निम्मे शिक्षण या एका कृतीत होते. हे नाणे ३० जानेवारी १९४६ रोजी, रूझवेल्टांच्या जन्मदिनी, चलनात आले. त्यासाठी दहा सेंटचे नाणेच निवडण्याला अर्थ होता, कारण रूझवेल्टांनी १९३८ मध्ये स्थापन केलेल्या पोलिओविषयक संस्थेसाठी सामान्य अमेरिकनांनी व्हाइट हाउसला टपालाने डाइम पाठवले होते. नाण्यावर फक्त चेहरा आहे आणि मानेखाली काही नाही, ही गोष्ट लक्षात ठेवून स्मारकाकडे निघावे. पुढे प्रत्येक शिल्पासमोर एकच प्रश्न विचारायचा आहे: या माणसाचे शरीर येथे कोठे आहे?

कोणत्या बाजूने आत जावे

या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे, कारण चार दालने रूझवेल्टांच्या चार कार्यकाळांच्या क्रमाने रचली आहेत आणि त्यांची सुरुवात दक्षिणेकडून होते. किंग यांचे स्मारक पाहून चालत येणारे उत्तरेकडून शिरतात. त्यांना आधी अंत्ययात्रा दिसते आणि शेवटी शपथविधी. तेव्हा किंग यांच्या स्मारकाकडून आलात तरी बाहेरच्या वाटेने दक्षिण टोकापर्यंत जावे आणि तेथून आत यावे. स्वच्छतागृह आणि पुस्तकांचे दुकानही त्याच टोकाला आहे. मेट्रोने यायचे तर स्मिथसोनियन हे स्थानक सोयीचे आहे, पण तेथून सुमारे दीड किलोमीटर चालावे लागते. चालणे जड जाणाऱ्या व्यक्तीला गाडीने वेस्ट बेसिन ड्राइव्हवर, प्रवेशाजवळ उतरवणे बरे. प्रवेश विनामूल्य आहे. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीची फुले येतात तेव्हा या काठावर इतकी गर्दी होते की शिल्पासमोर दोन मिनिटे शांत उभे राहणेही अवघड होते. त्या दिवसांत जायचे असेल तर सकाळी लवकर जावे.

रचनाकार लॉरेन्स हाल्प्रिन यांनी हे स्मारक पायऱ्यांवर न चढवता सपाट वाटेवर आखले आहे, त्यामुळे चाकाची खुर्ची चारही दालनांतून जाऊ शकते. वाट मात्र लांब आहे, म्हणून ढकलणाऱ्याने मधे मधे थांबण्याची तयारी ठेवावी.

प्रकाशाविषयी

उठावशिल्पात खोली दाबून थोडक्यात मावलेली असते. नाक प्रत्यक्षात चेहऱ्यापासून जितके पुढे असते, त्याच्या एका अंशाइतकेच ते फलकावर उचललेले असते, आणि उरलेली खोली सावली भरून काढते. त्यामुळे प्रकाश समोरून पडला की शिल्प सपाट दिसते, आणि बाजूने घासत गेला की जिवंत होते. भर दुपारी बारा वाजता पाहून ‘काही विशेष नाही’ असे म्हणणाऱ्यांनी शिल्प पाहिलेलेच नसते. सकाळचा पहिला प्रहर आणि सूर्यास्तापूर्वीचा तास या दोन्ही वेळा चांगल्या. स्मारक रात्रीही खुले असते. तेव्हा मोबाइलचा दिवा फलकाच्या कडेला, भिंतीला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे बोटांची पेरेही वेगळी दिसतात. इतरांच्या डोळ्यांवर उजेड जाणार नाही याची काळजी घ्यावी. स्वतः फलकाच्या मध्यभागी न थांबता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू सरकत पाहावे; आपण सरकलो की आकृतींच्या कडा बदलतात आणि शिल्पकाराने कोठे किती उठाव दिला आहे ते कळते.

प्रवेशाजवळची चाकाची खुर्ची

दक्षिणेकडून आत येताच पहिल्या दालनाच्या आधी एका मोकळ्या जागेत रूझवेल्ट चाकाच्या खुर्चीत बसलेले दिसतात. हे पूर्ण शिल्प आहे, उठावशिल्प नव्हे. पण पुढची सर्व उठावशिल्पे याच्याच संदर्भात पाहायची असल्यामुळे येथे पुरेसा वेळ द्यावा.

२ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा हा पुतळा नव्हता. स्मारकात कोठेही चाकाची खुर्ची स्पष्टपणे दाखवलेली नाही, याला अपंगांच्या संघटनांनी जाहीर विरोध केला. रूझवेल्टांनी स्वतः जे झाकले ते आपण का उघडावे, असा एका बाजूचा युक्तिवाद होता. दुसरी बाजू म्हणत होती की त्यांना ते झाकावे लागले, कारण त्यांच्या काळात अपंग माणसाला राष्ट्राध्यक्ष म्हणून लोकांनी स्वीकारले नसते. आज तेच झाकणे म्हणजे त्या काळाचा पूर्वग्रह ग्रॅनाइटमध्ये कायम करणे होय. मला दुसरी बाजू निःसंशय योग्य वाटते. निवडणूक जिंकण्यासाठी एखाद्याने पत्करलेली सक्ती ही त्याची शेवटची इच्छा असल्यासारखी जपणे बरोबर नाही. काँग्रेसने त्याच वर्षी नव्या पुतळ्याला मान्यता दिली, नॅशनल ऑर्गनायझेशन ऑन डिसॅबिलिटी या संस्थेने साडेसोळा लाख डॉलर उभे केले, आणि १० जानेवारी २००१ रोजी रॉबर्ट ग्रॅहम यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण झाले.

पुतळा माणसाच्या खऱ्या आकाराचा आहे आणि चौथऱ्यावर नसून जमिनीवर आहे. चाकाच्या खुर्चीवरून आलेली व्यक्ती त्याच्या शेजारी आपली खुर्ची लावू शकते आणि दोघांचे डोळे जवळजवळ एका पातळीवर येतात. ही व्यवस्था मुद्दाम करून पाहावी. खुर्चीकडे बारकाईने पाहिले की ती रुग्णालयातली नाही हे लक्षात येते. ती लहान आणि बाजूचे हात नसलेली आहे. रूझवेल्टांनी स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीला चाके लावून घेऊन ती तयार करवली होती, कारण अरुंद दारांतून जाता यावे आणि दुसऱ्या आसनावर चटकन सरकता यावे अशी त्यांची गरज होती. दृष्टी नसलेल्या सोबत्याला आधी चाक दाखवावे, मग आसन, मग गुडघा आणि शेवटी चेहरा व हॅट. खालून वर गेल्याने खुर्ची आणि माणूस यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण हाताला कळते. मागच्या भिंतीवर पत्नी एलिनॉर यांचे शब्द आहेत: या आजाराने फ्रँकलिन यांना पूर्वी नसलेले बळ आणि धैर्य दिले, आणि अपार संयम व न थकणारी चिकाटी शिकवली, अशा आशयाचे.

पहिले दालन

येथे ग्रॅहम यांचेच उठावशिल्प आहे. पहिल्या शपथविधीच्या मिरवणुकीत रूझवेल्ट उघड्या मोटारीतून जात आहेत. आपला प्रश्न येथे विचारावा. मोटारीत बसलेल्या माणसाच्या पायांकडे कोणी पाहत नाही. बसलेला नेता तेथे स्वाभाविक दिसतो, हात हलवू शकतो, हसू शकतो. उघडी मोटार रूझवेल्टांना फार उपयोगी पडत असे, ती यामुळेच. शिल्पात हे कोठेही सांगितलेले नाही, परंतु नुकताच चाकाच्या खुर्चीतला पुतळा पाहून आलेल्या माणसाला तीच बैठक येथे दुसऱ्या रूपात ओळखू येते. ४ मार्च १९३३ च्या त्या दिवशी व्यासपीठाकडे जाताना ते मुलगा जेम्सच्या दंडाला धरून चालले होते, हेही सोबत्याला येथेच सांगावे.

दुसरे दालन: स्पर्शाचा खरा अभ्यास येथे

या दालनासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. जॉर्ज सेगल यांची मोफत भाकरीच्या रांगेतली माणसे, शेतकरी जोडपे आणि रेडिओवर रूझवेल्टांचे भाषण ऐकणारा माणूस ही पूर्ण शिल्पे येथे आहेत आणि लोकांची गर्दी त्यांच्याभोवतीच असते. रांगेत उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह होतो; काढावेही. पण त्यानंतर रॉबर्ट ग्रॅहम यांच्या ‘सोशल प्रोग्रॅम्स’ या शिल्पाकडे वळावे. भिंतीवर ब्राँझचे पाच मोठे फलक आहेत आणि त्यांच्यासमोर पाच गोल खांब. महामंदीतून देशाला सावरण्यासाठी रूझवेल्टांच्या सरकारने सुरू केलेल्या ५४ योजना या फलकांत चेहरे, हात, अक्षरे आणि ब्रेलचे ठिपके यांच्या रूपाने दाटीवाटीने कोरल्या आहेत. तरुणांना जंगलांत आणि उद्यानांत काम देणारे दल, टेनेसी खोऱ्यातील धरणे, बेकारांसाठी सार्वजनिक कामे आणि १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा हे सर्व त्या काळातले. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या पगारपत्रकावर सोशल सिक्युरिटीची जी कपात दिसते, ती त्याच कायद्याची; मुलांना हे फलकासमोर उभे करून सांगितले तर त्यांना शिल्प लगेच जवळचे वाटते.

खांबांची गंमत डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. फलकावर जे उचललेले आहे ते खांबावर खोलगट आहे, जणू फलक त्यांच्यावर दाबून गुंडाळले होते. घरातल्या मोदकाच्या साच्याला आत बोट लावले की जसे कळ्यांचे खळगे लागतात, तसे येथे चेहऱ्यांचे खळगे लागतात. एक हात फलकावर फिरवून यावे, मग खांबाकडे येऊन तोच चेहरा शोधावा. लहान मुलांना हा शोध देऊन ठेवला की ती पंधरा मिनिटे रमतात.

स्पर्श कसा करावा याचे काही नियम पाळावेत. हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण धातूने ब्राँझवरचा थर ओरखडतो. हातांवर सनस्क्रीन किंवा खाण्याचे तेल असेल तर ते पुसावे. वॉशिंग्टनच्या जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या उन्हाने ब्राँझ चांगलेच तापते, म्हणून आधी आपल्या हाताच्या मागच्या बाजूने अंदाज घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात त्यावर ठेवू नये. सुरुवात तळहाताने करावी: फलक केवढा आहे, कोठे दाटी आहे, कोठे मोकळी जागा आहे, हे आधी कळू द्यावे. त्यानंतर बोटांच्या टोकांनी एकच आकृती घ्यावी आणि तिची कड पूर्ण फिरावी. डोळे एका क्षणात सगळे पाहतात आणि मग तपशिलाकडे येतात. हात तपशिलाकडून सगळ्याकडे जातो, आणि त्याला तेवढा वेळ लागतो. दृष्टी नसलेल्या व्यक्तीचा हात धरून तो शिल्पावर नेऊन टेकवणे ही आपल्याकडे फार सर्रास होणारी चूक आहे. आधी विचारावे, मग आपला हात शिल्पावर ठेवून त्यांना त्यावर हात ठेवू द्यावा, आणि जागा कळली की आपला हात काढून घ्यावा. पुढचे त्यांचे ते शोधतात. बोलायचे तर दिशा आणि संबंध सांगावेत: ‘तुमच्या उजव्या हाताखाली एक पंजा आहे, त्याच्या वर वीतभर अंतरावर एक चेहरा आहे.’ ‘किती सुंदर आहे’ असे म्हणून त्यांना काहीच मिळत नाही.

आता ब्रेलविषयी, कारण येथे सोबत्याची निराशा होण्याचा संभव आहे आणि ती आधी सांगून टाळता येते. नेहमीच्या ब्रेलमध्ये सहा ठिपक्यांचे एक घर असते, दोन ठिपक्यांमधले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते आणि उठाव जेमतेम अर्धा मिलिमीटर. हे मोजमाप मनमानीने ठरलेले नाही. एक घर बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावावे आणि बोट न थांबता पुढे सरकावे, यासाठी ते आहे. ग्रॅहम यांच्या फलकांवरचे ठिपके याहून कितीतरी मोठे आणि दूर दूर आहेत, आणि काही इतके उंच आहेत की उभ्या माणसाचाही हात तेथे पोचत नाही. ब्रेल वाचणाऱ्याला एकेक ठिपका स्वतंत्र गोळ्यासारखा लागतो, त्यांचे अक्षर जुळत नाही. उद्घाटनानंतर अंध अभ्यागतांनी हे लगेच निदर्शनास आणले. शिल्पकाराचा उद्देश स्पर्शाचे आमंत्रण देण्याचा होता हे मान्य करूनही माझे मत असे आहे की, ज्यांची लिपी वापरली त्यांनाच ती वाचता येत नसेल, तर ती त्यांच्यासाठी लिपी राहत नाही. डोळस पाहुण्यांसाठी केलेली नक्षी तेवढी उरते. म्हणून ब्रेल वाचणाऱ्या सोबत्याला आधीच सांगावे की येथले ठिपके वाचण्यासाठी नाहीत, आणि फलकांवरील योजनांची माहिती मोबाइलवर घेऊन जावी म्हणजे स्क्रीन रीडरवर ती ऐकता येते.

याउलट ग्रॅनाइटमध्ये कोरलेली रूझवेल्टांची वचने हाताला फार चांगली लागतात, आणि हे क्वचितच कोणी सांगते. जॉन बेन्सन यांनी कोरलेली ही मोठी अक्षरे दगडात खोल आणि स्वच्छ उतरली आहेत. वय झाल्यावर दृष्टी गेलेल्या आणि रोमन अक्षरांचे आकार लक्षात असलेल्या व्यक्तीला, हात पोचेल अशा उंचीवरच्या ओळी बोटाने एकेक अक्षर करत वाचता येतात. मधुमेहाने किंवा काचबिंदूने नजर गेलेले कितीतरी ज्येष्ठ आपल्या घरांत आहेत. त्यांच्यासाठी या स्मारकातला सर्वांत उपयोगी भाग हाच ठरावा.

चाकाच्या खुर्चीवरून पाहणाऱ्याची नजर जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असते. या उंचीवरून फलकांचा वरचा भाग तिरका आणि आखूड दिसतो, आणि अगदी जवळ गेले की तो जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची मागे, साधारण चार-पाच मीटरवर घेऊन आधी पूर्ण फलक पाहावा आणि मग खालच्या भागासाठी जवळ यावे. सोबतच्या उभ्या माणसाने एकदा तरी खाली बसून त्या उंचीवरून पाहावे. कोणता चेहरा दिसतो आणि कोणता दिसत नाही हे कळल्याशिवाय वर्णन कशाचे करायचे तेच उमगत नाही.

तिसरे दालन

युद्धाच्या या दालनात ग्रॅनाइटचे मोठमोठे ठोकळे अस्ताव्यस्त पडलेले आहेत आणि त्यांच्यावरून पाणी कोसळते. ‘मला युद्धाचा तिटकारा आहे’ हे १९३६ मधल्या भाषणातले शब्द येथेच आहेत. स्मारकभर पाण्याचा आवाज बदलत जातो, आणि दृष्टी नसलेल्या व्यक्तीला कोणत्या दालनात आलो हे त्यावरून ओळखता येते, म्हणून येथे थोडा वेळ न बोलता थांबावे. हिवाळ्यात किंवा दुरुस्तीच्या काळात पाणी बंद असू शकते.

नील एस्टर्न यांचा बसलेल्या रूझवेल्टांचा मोठा पुतळा याच दालनात आहे. त्यांच्या अंगावर लांब झगा आहे आणि त्याने खुर्ची जवळजवळ पूर्ण झाकली आहे. समोरून पाहणाऱ्याला हा एक थकलेला, भारदस्त नेता दिसतो. पुतळ्याच्या मागे जावे आणि खुर्चीच्या मागच्या पायांपाशी पाहावे: तेथे लहान चाके आहेत. १९९७ च्या मूळ स्मारकात अपंगत्वाची खूण म्हणायची तर एवढीच, आणि तीही पाठीमागे. प्रवेशाजवळची खुर्ची आणि ही खुर्ची यांत किती अंतर आहे, याविषयी कुटुंबात येथे उभे राहून बोलावे. दहा-बारा वर्षांची मुलेही यावर ठाम मते देतात. शेजारी बसलेला फाला हा त्यांचा कुत्रा लोकांच्या हातांनी चकचकीत झाला आहे, आणि त्याचे कान लहान मुलांच्या उंचीला आहेत.

चौथे दालन

लिओनार्ड बास्किन यांचे अंत्ययात्रेचे उठावशिल्प सुमारे ३० फूट लांब आहे. घोड्यांनी ओढलेल्या गाड्यावर शवपेटी आहे आणि मागे शोकाकुल लोक चालत आहेत. येथे शिल्पासमोर संथ पाणी असल्याने भिस्त स्पर्शावर न ठेवता वर्णनावर ठेवावी. वर्णन मिरवणुकीच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करावे आणि मधेच मागे येऊ नये. ज्यांचे पाय चालत नव्हते त्यांच्या मागे हे सगळे लोक पायी चालले आहेत, आणि ते स्वतः शिल्पात कोठेच दिसत नाहीत. ग्रॅहम यांच्या फलकांतल्या गुळगुळीत, रेखीव चेहऱ्यांनंतर बास्किन यांच्या जड, खाली झुकलेल्या आकृती मुद्दाम न्याहाळाव्यात. एकाच माध्यमात दोन शिल्पकार किती वेगळे बोलतात ते येथे स्पष्ट दिसते. एलिनॉर रूझवेल्ट यांचा पुतळाही याच दालनात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या चिन्हासमोर उभा आहे.

आणखी एक दिवस हाताशी असल्यास

पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीसमोर, १९६५ मध्ये बसवलेला पांढऱ्या संगमरवराचा एक साधा ठोकळा आहे. आपले स्मारक करायचेच असेल तर ते टेबलाएवढे आणि साधे असावे, असे रूझवेल्टांनी न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना सांगितले होते, आणि तो ठोकळा तेवढाच आहे. त्यावर नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे आहेत; चेहरा नाही, शरीर नाही. आर्काइव्ह्ज मेट्रो स्थानकापासून तो अगदी जवळ असल्यामुळे परतीच्या वाटेवर सहज पाहता येतो.

अटलांटाच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज अधिक सोयीचे आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या उपचारासाठी रूझवेल्ट १९२४ मध्ये तेथे पहिल्यांदा गेले, १९२६ मध्ये त्यांनी ती जागा विकत घेऊन पोलिओच्या रुग्णांसाठी केंद्र उभारले, आणि त्यांचा मृत्यूही तेथल्याच घरात झाला. त्या परिसरात एका पांढऱ्या संगमरवरी भिंतीवर शिल्पकार एडमंड अमाटेस यांनी घडवलेली ब्राँझची १७ शीर्षशिल्पे वर-खाली अशा ओळीत बसवलेली आहेत. जानेवारी १९५८ मध्ये त्यांचे अनावरण झाले. त्यांतली पंधरा पोलिओवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांची आहेत आणि त्यांत पोलिओची लस तयार करणारे जोनास साल्क व अल्बर्ट सेबिन आहेत. उरलेल्या दोघांपैकी एक म्हणजे रूझवेल्टांचे सहकारी बॅसिल ओकॉनर आणि दुसरे स्वतः रूझवेल्ट. ही जागा पुनर्वसन रुग्णालयाच्या आवारात असल्यामुळे जाण्यापूर्वी भेटीच्या वेळा विचारून घ्याव्यात, आणि तेथे व्यायामाला आलेल्या रुग्णांची छायाचित्रे काढू नयेत.